मुलाला शाळेत रोज त्रास देतात, "आम्ही पण सहन केलं" म्हणून सोडून द्यायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि मला नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. मुलगा आठवीत. गेल्या जूनमध्ये तुम्ही सांगलीकडच्या तालुक्याच्या गावातून पुण्याला आलात. वर्गातली चार-पाच पोरं त्याच्या बोलण्यावरून त्याला छळतात, तो 'व्हतं' किंवा 'गेलतो' म्हणाला की मागची अख्खी रांग तेच परत म्हणते. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला त्याचा व्हिडिओ काढून मुलांच्या ग्रुपवर टाकला, त्याचं स्टिकर झालं. सोमवारी सकाळी पोट दुखतं, डॉक्टर म्हणाले काही नाही. मार्क ऐंशीवरून पंचावन्नवर आले. मिस्टर म्हणतात, "पोरगा आहे, घट्ट होईल, आम्ही पण हेच सहन करून मोठे झालो." आणि तुम्ही विचारताय की याचा खरंच आयुष्यभर परिणाम होतो का मी उगाच टेन्शन घेतेय, आणि शाळेत गेले तर त्रास वाढेल का.

मी १८ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतेय, आधी एकाच शाळेत होते, आता तीन शाळांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाते आणि संध्याकाळी खाजगी प्रॅक्टिस. तुमच्या मुलाला मी बघितलेलं नाही, त्यामुळे जे लिहितेय ते अशा इतर मुलांवरून. खाली जी उदाहरणं आहेत त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पहिलं, तुम्ही उगाच टेन्शन घेत नाही आहात.

आता मिस्टरांचं म्हणणं. ते चुकीच्या हेतूने बोलत नाहीयेत, आणि थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आपल्याकडे 'चिडवणं' हा एकच शब्द. मामा भाचीला तिच्या पडलेल्या दातावरून चिडवतो तेही चिडवणं, आणि पाच जण मिळून एकाला सहा महिने रोज रडकुंडीला आणतात तेही चिडवणं. रॅगिंग म्हटलं की लोकांना होस्टेल आठवतं आणि बुलिंग म्हटलं की परदेशातलं काहीतरी. त्यामुळे घरी बोलताना आई एका गोष्टीबद्दल बोलत असते आणि वडील दुसऱ्याच. या विषयावर सगळ्यात आधी पद्धतशीर काम केलं ते डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञाने, १९७० च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वेमध्ये. १९८२ च्या शेवटी नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, त्यामागे वर्गमित्रांचा छळ असावा असं पुढे आलं, आणि मग १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेअसने सांगितलेल्या तीन खुणा मी आजही वापरते. मुद्दाम केलेलं असतं, परत परत होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ही तिसरी खूण लोक विसरतात. ताकद म्हणजे दंड नव्हे, संख्या, जुनी ओळख, 'भारी' इंग्लिश, बापाची गाडी, हे सगळं ताकदच. चिडवणं असेल तर उद्या भाचीही मामाला टकलू म्हणते आणि दोघं हसतात. तुमच्या मुलाला उलट बोलायची सोय आहे का? नाही. मग हे चिडवणं नाही.

माझ्या केबिनमध्ये असे बरेच वडील येतात, हाताची घडी घालून बसतात आणि म्हणतात आमच्यावेळी पण होतंच की, काही झालं नाही आम्हाला. मी फक्त विचारते, कोण त्रास द्यायचं हो तुम्हाला? आणि ते पटकन नाव सांगतात, आडनावासकट, कुठल्या बेंचवर बसायचा, कुठली सायकल होती त्याची, सगळं. तीस वर्षं झाली, दहावीच्या निम्म्या वर्गाची नावं विसरलेत पण हे नाव नाही विसरले, आणि म्हणे काही परिणाम झाला नाही. आणखी एक, ज्यांना झेपलं ते आज "आम्ही सहन केलं" सांगायला आहेत. ज्यांनी त्यापायी नववीत शाळा सोडली ते गेट-टुगेदरला येतच नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू कोणी ऐकलेलीच नसते. शिवाय तेव्हा साडेपाचला शाळा सुटली की विषय संपायचा, आणि गावात कोणाचं पोर कोणाला मारतंय हे संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत कळायचं. आता रात्री अकराला पांघरुणात मोबाईलवर स्वतःचंच स्टिकर येतं आणि आईबापाला पत्ता नसतो.

आता आयुष्यभराचं. ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. त्यातली साडेसात हजारांहून जास्त मुलं अशी होती की ती सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांच्या पालकांना विचारलं होतं की याला इतर मुलं त्रास देतात का. हीच माणसं पन्नाशीला पोचली तेव्हाचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. ज्यांना लहानपणी वारंवार त्रास झाला होता त्यांच्यात पंचेचाळिशी-पन्नाशीतही नैराश्य, चिंतेचे आजार, जीव द्यायचे विचार यांचं प्रमाण जास्त, जोडीदार किंवा अडीअडचणीला धावून येणारं माणूस असण्याची शक्यता कमी. चाळीस वर्षांनी! हे वाचून घाबरू नका. प्रमाण जास्त म्हणजे प्रत्येकाचं तसं होतं असं नाही, बहुतेकांचं संसार-नोकरी सगळं सुरळीत होतं. पण 'घट्ट होतो' ही जी समजूत आहे तिला मात्र यात कुठेच आधार सापडत नाही.

हे होतं कसं, ते मी जे रोज बघते त्यावरून सांगते. मार्क का घसरतात हे शिक्षकांनाही नीट समजत नाही, त्यांना वाटतं मुलगा आळशी झाला किंवा शहराचं वारं लागलं. अहो, तो पोरगा वर्गात बसून दुसरंच काम करत असतो. मागून कोण हसलं, ते माझ्यावर हसले का, मॅडम आता मला वाचायला सांगतील का, मधल्या सुट्टीला किती मिनिटं राहिली, सुट्टीत कुठे उभं राहायचं, व्हॅनमध्ये कुठली सीट धरायची. एका मुलीने मला सांगितलं होतं की तिसऱ्या तासाला गणित असतं पण त्याची शेवटची दहा मिनिटं तिला कधीच आठवत नाहीत, कारण त्यानंतर डबा. डोकं पहाऱ्यावर बसलेलं असेल तर समीकरण कुठे शिरणार? तेच शरीराचं. सतत धोक्याचा इशारा चालू असल्यासारखं ते वागतं, झोप उडते, पोट बिघडतं, डोकं दुखतं. पोटदुखी नाटक नसते ताई, खरोखर दुखतं, फक्त कारण पोटात नसतं. रविवारी रात्री सुरू होते, सोमवारी सकाळी कळस, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदम गायब, हा पॅटर्न दिसला की मी तारखा लिहायला सांगते.

आणि एकटं पाडणं. मारलं तर वळ दिसतो, डब्याला कोणी शेजारी बसलं नाही तर काय दाखवणार? २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू टाकायचा साधा खेळ दिला, आणि मध्येच बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकायचेच बंद झाले. तेवढ्यानेही मेंदूतला असा भाग जागा झालेला दिसला ज्याचा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंध जोडला जातो. त्याचा अर्थ नेमका काय लावायचा यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, पण मोठी माणसं, अनोळखी लोक, फुटकळ खेळ, तरी इतकं लागतं. आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तर बरोबरीची पोरं म्हणजे जगच असतं, त्या वयात मेंदूच तसा वळलेला असतो.

पण माझ्या मते सगळ्यात खोल नुकसान यातलं एकही नाही. ते होतं मूल या सगळ्यातून जे अनुमान काढतं त्याने. पहिलं अनुमान, माझ्यातच काहीतरी खोट आहे. दुसरं, आणि हे मला जास्त घातक वाटतं, सांगून काही होत नाही. एक उदाहरण देते. चौतिशीतला एक माणूस माझ्याकडे आला होता, चांगली नोकरी, तक्रार अशी की मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही म्हणून प्रमोशन अडतं. बोलता बोलता कळलं की तो जेवायला अडीचला जातो, कँटीन रिकामं झाल्यावर, आणि भिंतीला पाठ लावूनच बसतो. सातवीत त्याला सगळे एका नावाने हाक मारायचे, ते नाव इथे लिहीत नाही. मला वाटलं होतं तो त्या पोरांबद्दल बोलेल. तो बोलला सरांबद्दल. त्याने एकदा हिंमत करून वर्गशिक्षकांना सांगितलं, ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्यांनीच ते नाव घेतलं. त्यानंतर त्याने आयुष्यात कोणालाच काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पोरांचा त्रास दोन वर्षांत संपला होता. सरांचं हसणं वीस-बावीस वर्षांनी अजून चालूच होतं.

म्हणून मुलाने तुम्हाला सांगितलं ही खूप मोठी गोष्ट आहे, ती हातची घालवू नका. बरीच मुलं सांगतच नाहीत.

परिणाम किती होतो हे कशाकशावर अवलंबून असतं तेही सांगते, कारण सरसकट बोलणं मला पटत नाही. किती दिवस चाललंय यावर असतं. दोन आठवडे आणि दोन वर्षं यात फार फरक. स्वभावावर असतंच, काही मुलं मनाला लावून घेतात. पण मुलाला वर्गात एक तरी मित्र आहे का, यावर मला वाटतं सगळ्यात जास्त. आणि घरावर. ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांवर एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यात असं दिसलं की त्रास दोघा जुळ्यांना झाला तरी ज्याला आईकडून जास्त माया मिळत होती तो त्यातून कमी बिघडला. हे वाचून "म्हणजे माझीच माया कमी पडली का" असं कृपा करून डोक्यात घेऊ नका, आया लगेच तिथेच पोचतात. सांगायचा मुद्दा एवढाच की तुम्ही घरी जे करताय ते औषधच आहे.

मित्राचं म्हणाल तर एक पोरगा आठवतो, बराचसा तुमच्या मुलासारखा, मराठवाड्यातून आलेला, बोलीवरूनच छळायचे. खरं सांगायचं तर माझ्याच्याने फार काही झालं नाही. शाळेने त्या पोरांना समज दिली, आठ दिवस शांत, परत सुरू. मग त्यांच्या वर्गशिक्षिकेने एक साधी गोष्ट केली. बुद्धिबळ खेळणारा एक शांत मुलगा होता, त्याला बोलावून विचारलं की तू डब्याला याच्याबरोबर बसशील का, बाकी काही करू नकोस, भांडू पण नकोस. तो बसला. चिडवणं दिवाळीपर्यंत चालू होतं, मी नोंदी ठेवल्या होत्या. पण पोटदुखी तिसऱ्या आठवड्यात थांबली. तीच पोरं, तेच शब्द, फक्त तो एकटा नव्हता. कॅनडात शाळांच्या मैदानांवरचे व्हिडिओ तपासून एक अभ्यास झाला होता, २००१ मध्ये छापून आला. त्यात बघ्यांपैकी कोणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबत होता. दहा सेकंद! फिनलंडमधला शाळांचा कार्यक्रमसुद्धा याच बघ्यांवर उभा आहे, छळणाऱ्याला सुधारण्यापेक्षा हसणाऱ्या वीस जणांचं हसू थांबवा. कारण ही गोष्ट कायम प्रेक्षकांसमोर चालते, प्रेक्षक उठून गेले की नाटक पडतं.

आता करायचं काय.

आधी घरी. त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये "पण तू काय केलंस?" हा प्रश्न नको. "दुर्लक्ष कर" हे तर अजिबात नको, तो वर्षभर तेच करतोय. मोबाईल काढून घेऊ नका. मुलं सांगत नाहीत याचं अर्ध कारण हेच असतं की सांगितलं तर मोबाईल जाईल, म्हणजे त्रास त्यालाच आणि शिक्षाही त्यालाच. ग्रुपवरच्या व्हिडिओचे, स्टिकरचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, रागाने डिलीट करू नका. एका वहीत लिहायला लागा: कधी, कुठे, कोण, नेमकं काय म्हणाले, आजूबाजूला कोण होतं. दहा दिवसांची नोंद असली ना, की शाळेत "मुलं आहेत, चालायचंच" हे वाक्य कोणाच्या तोंडातून सहज येत नाही.

"उलट एक ठेवून दे" हा सल्ला घरी मिळाला असेलच. एकास एक असेल, तब्येत बरोबरीची असेल तर कधीकधी त्याने थांबतं, नाही म्हणत नाही. पण पाच जणांसमोर एक पोरगा, तो मार खाऊन येईल किंवा मारताना पकडला जाईल, आणि मग शाळेच्या रेकॉर्डवर मारामारी करणारा तोच. कराटे, कबड्डी, तालीम जरूर लावा, पाठ सरळ होते, पण मारण्यासाठी म्हणून नको.

शाळेत जा. त्रास वाढेल ही भीती खोटी नाही, वाढतो कधीकधी, पण तो शाळेत गेल्यामुळे नाही तर शाळेने चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे. ही चूक मी स्वतः केलीय. पहिल्या दोन वर्षांत माझी ठरलेली रीत होती, दोघांना केबिनमध्ये बोलवायचं, समोरासमोर बसवायचं, "काय झालं ते सांगा", मग सॉरी म्हण, हात मिळवा. मला वाटायचं किती छान समेट घडवते मी. एका मुलीने नंतर तिच्या आईला सांगितलं की त्या पाच मिनिटांत समोरची मुलगी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणत होती, बाहेर ये. आणि बाहेर काय व्हायचं ते झालं. भांडण असतं तिथे समेट असतो. छळ असतो तिथे समेट म्हणजे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याशी तडजोड करायला लावणं. तेव्हापासून मी दोघांना एका खोलीत बसवत नाही, वेगवेगळं बोलते, आणि आधी बघ्यांशी बोलते.

त्यामुळे तुम्ही गेलात की हे मागा. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, बोलून आल्यावर तेच मुद्दे लेखी किंवा ईमेलने. "त्या मुलांना शिक्षा करा" यावर जोर देऊ नका, "माझा मुलगा सुरक्षित कसा राहील" यावर द्या. मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवणार, व्हॅनमध्ये कोण, व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमधून काढायला कोण सांगणार, त्याचं नाव न घेता वर्गाशी कोण बोलणार, आणि दोन आठवड्यांनी परत भेटायची तारीख कुठली. ही तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि बसायची जागा बदलायची असेल तर त्यांची बदला, याची नाही. याला उचलून पुढे बसवलं की सगळ्या वर्गाला कळतं कोण हरलं.

कुठलं बोर्ड ते तुम्ही लिहिलं नाहीये. सीबीएसई असेल तर बोर्डाने २०१५ मध्येच शाळांना याविरुद्ध समिती नेमायला सांगितलंय, ती कुठे आहे विचारा. स्टेट बोर्डाची असेल तर आपल्या राज्यात शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) असायला हवी, त्यांच्याकडे लेखी देता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मानसिक छळालाही मनाई आहे, ते शाळेला हळूच आठवण करून द्यायला बरं पडतं. पोलीस, सायबर वगैरे मी लगेच सुचवणार नाही, समोरची पण तेरा-चौदा वर्षांचीच पोरं आहेत. पण एक अपवाद. व्हिडिओ कपडे बदलतानाचा, बाथरूममधला किंवा तसल्या प्रकारचा असेल तर मग हा शाळेचा अंतर्गत मामला राहत नाही, २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा लागतो आणि ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक असतं, शाळेलासुद्धा. तसंच बोलीच्या आडून आडनाव विचारणं, जातीवरून बोलणं चालू आहे का तेही मुलाला शांतपणे विचारा. बऱ्याचदा 'गावठी' हा शब्द फक्त वरचं झाकण असतं, आत दुसरंच शिजत असतं, आणि मुलं ते घरी सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं आईबापांना लागेल.

दोन गोष्टी करू नका. त्या मुलांच्या आईवडिलांना थेट फोन, आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्ट. पहिल्यात समोरचे आईबाप आपल्या पोराच्या बाजूने उभे राहणारच, तुम्ही पण राहिला असता. दुसऱ्यात दोनशे मेसेज, दहा जण ग्रुप सोडणार, आणि सोमवारी तुमच्या मुलाला वर्गात नवीन नाव पडलेलं असणार.

त्या पोरांबद्दलही एक वाक्य, कोणाला आवडो न आवडो. सगळ्यात जास्त बिघडलेली मी बघितली ती अशी मुलं की ज्यांना एकीकडे मोठी मुलं छळतात आणि ती दुसरीकडे लहानांना छळतात, आणि अमेरिकेतल्या चौदाशे मुलांवरच्या दीर्घ अभ्यासातही मोठेपणी सगळ्यात वाईट हाल याच गटाचे निघाले. म्हणून तुमचा मुलगा घरी धाकट्या भावंडावर अचानक हात उचलायला लागलाय का तेही बघा. लागला असेल तर तो वाईट झालेला नाही, स्वतःला होणारा त्रास पुढच्यावर ढकलतोय.

शाळा बदलावी का? लगेच नाही. दोन-तीन महिने शाळेने खरंच प्रयत्न केले आणि तरी काही झालं नाही, किंवा शिक्षकच त्या हसण्यात सामील असतील, तर बदला, त्यात पळपुटेपणा नाही. पण बदलायच्या आधी त्याला शाळेबाहेर अशी एक जागा द्या जिथे तो 'ते नाव' नसेल. ढोलपथक, ट्रेकचा ग्रुप, सोसायटीतलं क्रिकेट, काहीही. आणि मे महिन्यात गावी पाठवा, जिथे 'व्हतं' म्हटल्यावर कोणी वळूनही बघत नाही. त्याची बोली सुधारायला मात्र क्लास लावू नका, लाख लोक सांगतील. तो आपोआप दोन्ही बोलायला शिकेल, सगळेच शिकतात, पण तुम्ही क्लास लावलात तर त्याला कळेल की आईचंही मत त्या पोरांसारखंच आहे.

आता जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, उन्हाळ्यातही फुल बाह्या घालून हात झाकायला लागला, तर वही-नोंदी-शाळा सगळं बाजूला, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. रात्रीबेरात्री कोणी मिळालं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. लहान मुलांसाठी १०९८ पण आहे. हे तुमच्या मुलाच्या बाबतीत असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही, पण हे उत्तर अजून कोणी वाचत असेल.

मिस्टरांशी वाद घालू नका. त्यांना एकच काम द्या. मुलाला सल्ला द्यायचा नाही, फक्त त्यांना लहानपणी कोण त्रास द्यायचं, तेव्हा कसं वाटायचं, घरी सांगितलं होतं का, एवढं त्याला सांगायचं, गाडीवर जाता जाता सांगितलं तरी चालेल. समोरासमोर बसून बाप-लेक असलं बोलत नाहीत, मागे बसून पोरगं बरंच काही ऐकतं. बापाला पण झालं होतं आणि बापालाही वाईट वाटलं होतं, हे कळलं की 'माझ्यातच खोट आहे' हे अनुमान जरा डळमळतं.

आणि आज तो घरी आला की त्याची पाण्याची बाटली बघा. भरलेलीच परत येत असेल तर तो दिवसभर पाणी पीत नाहीये, कारण पाणी प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं, आणि तिथे शिक्षक नसतात. तसं असेल तर वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा पहिलं वाक्य तेच सांगा. भेटून आलात की इथेच लिहा काय म्हणाल्या ते, पुढचं तेव्हा बघू.